रेगेक्स मायक्रोकंट्रोलरला पेलत नाही?

एम्बेडेड क्षेत्रात मुरलेल्या माणसाला विचारून पाहा: सिरियल पोर्टवरून येणाऱ्या ओळी तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे सगळे ज्याला रेगेक्स म्हणतात ते, वापरावे का? उत्तर बहुतेक ठरलेले असते. सर्व्हरवर, पायथॉनमध्ये, लॉग चाळताना रेगेक्स जरूर वापरा. बत्तीस किलोबाइट फ्लॅशच्या चिपवर त्याचे काम नाही. तिथे मजकुरात तुकडा शोधणारे ‘स्ट्रस्ट्र’, मजकुराचे तुकडे पाडणारे ‘स्ट्रटोक’ आणि साच्यानुसार आकडे उचलणारे ‘एसस्कॅनएफ’ ही सी भाषेची तीन फंक्शने पुरतात. नाही पुरली, तर चार ‘इफ’ हाताने लिहावेत. हे मत महाविद्यालयातल्या प्रकल्पांपासून कंपन्यांतल्या डिझाइन रिव्ह्यूपर्यंत इतके रुजले आहे की त्यामागची कारणे आता कोणी तपासत नाही.

ती तपासावीत, एवढ्यासाठी हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे: जड आहेत त्या काही लायब्रऱ्या, रेगेक्स नव्हे. ठरावीक, मोजकी मेमरी असलेल्या यंत्राचे ते स्वाभाविक साधन आहे. आणि ज्याला आपण ‘हाताने लिहिलेला साधा पार्सर’ म्हणतो, तो बहुतेक वेळा रेगेक्सच असतो. तो कुठे लिहून ठेवलेला नसतो, आणि म्हणून कोणी तपासलेलाही नसतो.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, मग खोडावा, ही आपल्या वादपरंपरेची रीत. ती इथे पाळणे सोपे आहे, कारण विरोधकांचे आक्षेप पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप जागेचा. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि अवघी २ किलोबाइट रॅम असते. सी++ च्या प्रमाण लायब्ररीतले रेगेक्स तिथे आणायचा विचारही करता येत नाही. पॉझिक्स पद्धतीची रेगेक्स लायब्ररी पॅटर्न कंपाइल करताना ‘मॅलॉक’ने हीपवर, म्हणजे प्रोग्राम चालू असताना वाटल्या जाणाऱ्या मेमरीत, जागा मागते. वर्षानुवर्षे बंद न होता चालायच्या उपकरणात हीपचे तुकडे पडत गेले, तर एके दिवशी जागा असूनही मिळत नाही. म्हणूनच मोटार उद्योगातून आलेल्या मिस्रा सी या नियमावलीने २०१२ च्या आवृत्तीत ‘मॅलॉक’ आणि त्याची भावंडे वर्ज्य ठरवली आहेत.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. कारण होते ओळीच्या टोकांची रिकामी जागा छाटणारा एक साधा रेगेक्स आणि त्याच्यासमोर आलेली सुमारे २०,००० सलग रिकाम्या अक्षरांची एक ओळ. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरच्या जगभरातल्या सर्व्हरांचे प्रोसेसर एका नव्या नियमातल्या रेगेक्सने शंभर टक्के व्यापले आणि २७ मिनिटे त्यांच्यामागची संकेतस्थळे दिसेनाशी झाली. एवढ्या ताकदीची यंत्रे जिथे आडवी झाली, तिथे १६ मेगाहर्ट्झच्या चिपची काय कथा, हा प्रश्न रास्त आहे.

तिसरा आक्षेप वाचनीयतेचा: रेगेक्स म्हणजे चिन्हांचे जंगल, हाताने लिहिलेला कोड कोणालाही कळतो. चौथा गरजेचा: मोडेम, जीपीएस, सेन्सर यांच्या ओळी इतक्या सरळ असतात की त्यांच्यासाठी एवढा सरंजाम कशाला?

आता एकेक घेऊ.

जागेचा प्रश्न

रेगेक्स लहान यंत्राला पेलत नाही असे म्हणणाऱ्याने त्याचा जन्म कुठल्या यंत्रांवर झाला ते पाहावे. केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली मजकुरात रेगेक्स शोधण्याची रीत प्रसिद्ध केली ती आयबीएम ७०९४ या यंत्रासाठी. त्याची मेमरी ३६ बिटांच्या ३२,७६८ शब्दांची, म्हणजे सुमारे १४४ किलोबाइट होती. पुढे युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढले, त्यात सुरुवातीला २४ किलोबाइट मेमरी होती: १६ ऑपरेटिंग सिस्टिमला, ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला. त्या आठ किलोबाइटांत ‘एड’ हा एडिटर चालत असे आणि १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्याच्यात रेगेक्स होता. १९७३ साली आलेली ‘ग्रेप’ ही आज्ञा त्याच एडिटरमधून वेगळी काढलेली. आज स्वस्तात मिळणाऱ्या एका एसटीएम३२ चिपमध्ये ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम असते. ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट रॅम, रास्पबेरी पाय पिकोवरच्या आरपी२०४० मध्ये २६४. ज्या साधनाला १९७१ साली आठ किलोबाइट पुरले, ते आज या चिपना जड कसे झाले?

जड झाले ते साधनाभोवती वाढलेले थर. मागे वळून पाहणे, पुढे डोकावणे, नावे दिलेले गट, युनिकोडचे सगळे वर्ग, स्थानिक भाषांचे नियम: हे सर्व पर्लनंतरच्या काळात रेगेक्सला चिकटले. ते काढून टाकले की काय उरते, ते रॉब पाइक यांनी दाखवून दिले आहे. ब्रायन कर्निहन यांच्यासह लिहिलेल्या ‘द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रामिंग’ या १९९९ सालच्या पुस्तकात त्यांचा एक मॅचर आहे. सुमारे तीस ओळींचा सी कोड; तो साधी अक्षरे, ओळीची सुरुवात व शेवट, कोणतेही अक्षर दाखवणारे टिंब आणि पुनरावृत्तीचा तारा एवढे ओळखतो. हीप नाही, कंपाइल करण्याचा टप्पा नाही.

त्याच वाटेवरची पुढची पायरी म्हणजे ‘टायनी रेगेक्स सी’ ही छोटी लायब्ररी. ती अक्षरांचे वर्ग, अंक, रिकामी जागा, ‘एक किंवा अधिक’ व ‘असले तर’ ही चिन्हेही ओळखते आणि पॅटर्न आधीच राखून ठेवलेल्या ठरावीक जागेत मांडते. ‘मॅलॉक’ला ती हात लावत नाही. लुआ भाषेच्या कर्त्यांनीही हाच निर्णय घेतला: पॉझिक्स रेगेक्सला चार हजारांहून अधिक ओळी लागतात, म्हणून त्यांनी पाचशेहून कमी ओळींत मावणारी पॅटर्नची स्वतंत्र पद्धत केली. निक गॅमन यांनी आर्डुइनोसाठी केलेली रेगेक्स लायब्ररी लुआच्या याच कोडवर उभी आहे. मायक्रोपायथॉनमध्ये रेगेक्सचे मॉड्यूल असते आणि ते मायक्रोकंट्रोलरवरच चालते. पेलत नाही म्हणतात ते साधन अशा बोर्डांवर रोज चालू आहे.

उलट, ‘हलके’ म्हणून जे पुढे केले जाते त्याचे वजन कोणी करत नाही. एसस्कॅनएफ घेतले की त्याच्यामागे साच्याची चिन्हे उलगडणारे संपूर्ण यंत्र लिंक होऊन येते. एव्हीआरच्या सी लायब्ररीत दशांश आकडे वाचायचे तर त्याची वेगळी, मोठी आवृत्ती जोडावी लागते. लिंकरची मॅप फाइल उघडून एसस्कॅनएफच्या नावावर किती बाइट लागले ते पाहावे आणि मग छोट्या रेगेक्स लायब्ररीशी तुलना करावी. जड-हलके हे मत नव्हे, मोजमाप आहे.

वेळेचा प्रश्न

वर सांगितलेले दोन्ही अपघात खरे आहेत, पण ते रेगेक्सचे नाहीत. ते रेगेक्स चालवण्याच्या एका विशिष्ट पद्धतीचे आहेत. तिला बॅकट्रॅकिंग म्हणतात: एक वाट धरायची, अडली की मागे येऊन दुसरी धरायची. पर्ल, पायथॉन, जावा या सगळ्यांची ही रीत. थॉम्प्सन यांची १९६८ ची रीत अशी नव्हती. ती सगळ्या शक्य वाटा एकाच वेळी चालते. प्रत्येक अक्षरागणिक ‘आपण पॅटर्नमध्ये कुठे कुठे असू शकतो’ याची यादी पुढे सरकवते. यादी पॅटर्नपेक्षा लांब होऊच शकत नाही, त्यामुळे लागणारा वेळ पॅटर्नची लांबी गुणिले मजकुराची लांबी, याच्या पलीकडे जात नाही.

फरक किती पडतो, हे रस कॉक्स यांनी २००७ साली एका प्रसिद्ध निबंधात मोजून दाखवले. ‘असले तर’ असे ऐच्छिक अक्षर काही वेळा, मागोमाग तेच अक्षर तितक्याच वेळा सक्तीचे, असा पॅटर्न त्यांनी घेतला. २९ अक्षरांच्या ओळीवर पर्लला साठ सेकंदांहून अधिक लागले. थॉम्प्सन यांच्या रीतीला वीस मायक्रोसेकंद. आपल्या चिपवर हिशेब करू. अशी २५ ऐच्छिक अक्षरे असतील तर बॅकट्रॅकिंगला दोनाचा पंचविसावा घात, म्हणजे ३,३५,५४,४३२ वाटा तपासाव्या लागू शकतात. एका वाटेला फक्त सोळा क्लॉक सायकल धरल्या, तरी १६ मेगाहर्ट्झवर तेहतीस सेकंद झाले. अडकलेली चिप रीसेट करणारा एटीमेगा३२८पीचा वॉचडॉग जास्तीत जास्त आठ सेकंद थांबतो. चिप रीसेट होईल, तीच ओळ पुन्हा आली तर पुन्हा रीसेट होईल. विरोधकांची भीती इथपर्यंत शंभर टक्के खरी आहे.

पण मग निष्कर्ष काय काढायचा? क्लाउडफ्लेअरने रेगेक्स सोडला नाही. वेळेची हमी देणाऱ्या इंजिनकडे जाण्याचे ठरवले. स्टॅक ओव्हरफ्लोने रेगेक्स काढून साधे फंक्शन टाकले आणि तेही बरोबरच होते, कारण टोकाची रिकामी जागा छाटायला रेगेक्स मुळात लागत नाही. दोन्ही प्रसंगांतून एकच धडा निघतो: इंजिन कोणते आणि काम कोणते, हे पाहून ठरवा.

छोट्या लायब्रऱ्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पाइक यांच्या मॅचरमध्ये कंस नाहीत, ऐच्छिक अक्षर नाही; म्हणजे ताऱ्यावर तारा चढवता येत नाही आणि घातांकी स्फोटाची वाटच बंद होते. उरते ती मजकुराच्या लांबीच्या ठरावीक घाताइतकी वाढ. रोमन लिपीतला एक एसएमएस जास्तीत जास्त १६० अक्षरांचा असतो. एक तारा असलेला पॅटर्न ओळीत कुठेही शोधायचा, तर वाईटात वाईट १६० गुणिले १६०, म्हणजे २५,६०० पावले. हा आकडा आधी काढता येतो, चाचणीत तपासता येतो, दस्तऐवजात लिहिता येतो. रिअल-टाइम कामाला वेग लागतोच असे नाही. वरची मर्यादा माहीत असावी लागते, आणि ती इथे माहीत आहे.

वाचनीयतेचा आणि गरजेचा प्रश्न

आता त्या ‘सरळ’ ओळींकडे आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या ‘कोणालाही कळणाऱ्या’ कोडकडे जवळून पाहू.

जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला स्थानाची ओळ पाठवते. तिला जीजीए म्हणतात: स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांत वेळ, अक्षांश, उत्तर की दक्षिण, रेखांश, पूर्व की पश्चिम, स्थान सापडले की नाही, उपग्रह किती, अचूकता, उंची वगैरे. आकाश दिसत नसेल तर मॉड्यूल तीच ओळ रिकाम्या रकान्यांनिशी पाठवते. सुरुवातीच्या डॉलर चिन्हानंतरचे नाव सोडले तर ती अशी दिसते:

,,,,,,०,००,९९.९९,,,,,,*४८

स्ट्रटोकने हिचे तुकडे पाडले तर काय होते? स्ट्रटोक लागोपाठचे स्वल्पविराम एकच मानते. रिकामा रकाना त्याला दिसतच नाही. त्यामुळे नावानंतरचे तुकडे मिळतात ते चारच: ०, ००, ९९.९९ आणि *४८. प्रोग्राम दुसऱ्या रकान्यातून अक्षांश घेतो, त्याला ‘००’ मिळते. चौथ्यातून रेखांश घेतो, ‘*४८’ हा आकडा नसल्याने त्याचाही शून्य होतो. शून्य अक्षांश, शून्य रेखांश: गाडी आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन पोचली. ‘स्थान सापडले नाही’ हे सांगणारा शून्य सहाव्या रकान्यात असायला हवा होता, तो वेळेच्या जागी बसला. सहावा तुकडा मागितला तर मिळतो रिक्त पॉइंटर, आणि तो न तपासता वापरला की प्रोग्राम कोलमडतो. हा कोड टेबलावर, खिडकीशी, आकाश दिसत असताना बिनचूक चालतो. तो फसतो ते बोगद्यात, तळघरात, बाजारच्या गल्लीत.

रेगेक्समध्ये हेच काम करताना रिकाम्या रकान्याचा विचार टाळताच येत नाही. ,[०-९.]*, असे लिहिले तर ‘रकाना रिकामा चालेल’ हे डोळ्यांसमोर असते, ताऱ्याऐवजी अधिकचे चिन्ह लिहिले तर ‘रकाना भरलेलाच हवा’ हेही. सहाव्या रकान्यासाठी [१-८] लिहिले की स्थान न सापडलेली ओळ जुळणारच नाही, पुढचा हिशेबच होणार नाही. चिन्हांचे जंगल म्हणतात ते हेच. मला तर ते ओळीच्या आकाराचे सगळ्यांत संक्षिप्त आणि प्रामाणिक वर्णन वाटते. ते एका ओळीत मावते, दस्तऐवजाशी ताडून पाहता येते आणि दुसऱ्या माणसाला त्यातली चूक दाखवता येते.

दुसरे उदाहरण आपल्या शिवारातले. विहिरीवरचा पंप एसएमएसने सुरू-बंद करणारे मोबाइल स्टार्टर महाराष्ट्रात गावोगाव पोचले आहेत. समजा, असे उपकरण कोणी नव्याने बनवतो आहे आणि संदेशात ‘ऑन’ शब्द आला की पंप सुरू करायचा, म्हणून तो स्ट्रस्ट्रने ओ आणि एन ही दोन रोमन अक्षरे शोधतो. घरच्याच नोंदवलेल्या नंबरावरून कोणी ‘फोन कर’ असे रोमन लिपीत लिहून पाठवले, तर ‘फोन’च्या स्पेलिंगमध्ये ती दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी आहेत. पंप सुरू. पाणी नसलेल्या विहिरीवर तो कोरडा फिरत राहिला तर मोटार जळते, आणि तो खर्च प्रोग्रामर भरत नाही, शेतकरी भरतो. यावर उपाय म्हणून आधी ‘पंप’ शब्द शोधा, मग रिकामी जागा पाहा, मग ‘ऑन’च्या पुढचे अक्षर तपासा, असे ‘इफ’ वाढत जातात. सहा महिन्यांनी ते चाळीस ओळींचे होतात आणि त्यांच्यातून नेमके कोणते संदेश पार होतात, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. रेगेक्समध्ये सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावले की संपूर्ण संदेश त्या आकाराचा असावा लागतो. अवांतर एक अक्षर आले तरी तो नाकारला जातो.

तिसरे फंक्शन एसस्कॅनएफ. ते ‘२३.५’ मधून पूर्णांक मागितला तर २३ देते आणि काम फत्ते झाल्याचे कळवते. ‘१२कखग’ मधून १२ काढते आणि तेव्हाही यश सांगते. मावणार नाही इतका मोठा आकडा आला तर काय व्हावे, हे सी भाषेचे प्रमाणच ठरवत नाही. शब्द वाचताना रुंदी लिहायची राहिली तर ते बफर ओलांडून लिहीत जाते. तारेवरून, मोडेमवरून, धुळीने भरलेल्या कनेक्टरवरून येणाऱ्या मजकुरासमोर एवढे भाबडे फंक्शन उभे करायचे आणि रेगेक्सला धोकादायक म्हणायचे, हा न्याय नव्हे.

मुळाशी काय आहे

खंडन इथपर्यंत. आता मंडन, आणि त्यासाठी थोडे खोलात जायला हवे.

वॉरन मॅक्युलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ साली मेंदूतल्या चेतापेशींचे एक गणिती चित्र मांडले. अशी जाळी नेमके काय ओळखू शकतात, हा प्रश्न स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली घेतला. त्यांचा निबंध १९५६ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यांनी सिद्ध केले की ठरावीक संख्येच्या अवस्था असलेले यंत्र जे जे ओळखू शकते, ते सगळे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये लिहिता येते. आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये जे लिहिता येते, ते सगळे असे यंत्र ओळखू शकते. मायकेल रेबिन आणि डॅना स्कॉट यांनी १९५९ साली या यंत्रांचा सिद्धांत पुढे नेला; त्या कामासाठी त्यांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. अक्षरे एकामागून एक येतात, मागे जाता येत नाही, आणि ओळ कितीही लांब असली तरी वाढणार नाही एवढीच मेमरी हाती आहे: मायक्रोकंट्रोलरच्या सिरियल पोर्टचे हे तंतोतंत वर्णन आहे. या अटींत जो कोणी पार्सर लिहील, तो ठरावीक अवस्थांचे यंत्रच लिहील, आणि क्लीनी यांच्या प्रमेयानुसार त्या प्रत्येकाला समतुल्य असा रेगेक्स असतोच. म्हणजे ‘रेगेक्स वापरू की नको’ हा पर्यायच आपल्यासमोर नाही. पर्याय एवढाच की तो रेगेक्स लिहून काढायचा, की ‘इफ’ आणि फ्लॅग यांच्या गुंत्यात पुरून ठेवायचा.

हे शब्दांत राहू नये म्हणून एक यंत्र उलगडून दाखवतो. जीएसएम मोडेमला सिग्नलची ताकद विचारली की ‘+सीएसक्यू: १७,०’ अशा आकाराचे उत्तर येते; तारेवर अक्षरे रोमन असतात एवढेच. पॅटर्न असा:

^\+सीएसक्यू: [०-९]+,[०-९]+$

याच्या अवस्था मोजू. सुरुवात, मग अधिक चिन्ह, सी, एस, क्यू, अपूर्णविराम (:) आणि रिकामी जागा यांच्यानंतरच्या सहा, पहिला आकडा, स्वल्पविराम, दुसरा आकडा, ओळ संपून जुळल्याची एक, बिघडल्याची एक. एकूण बारा. अक्षरांचे वर्ग दहा: सात वेगवेगळी चिन्हे व अक्षरे, सर्व अंकांचा एक वर्ग, ओळ संपवणारे चिन्ह आणि ‘बाकी सगळे’. बारा गुणिले दहा, १२० बाइटांचा तक्ता. कोणते अक्षर कोणत्या वर्गात, हे सांगणारा १२८ बाइटांचा दुसरा तक्ता. दोन्ही मिळून २४८ बाइट, आणि ते फ्लॅशमध्ये. ३२ किलोबाइटच्या एक टक्क्याहून कमी. रॅममध्ये लागतो एक बाइट: सध्याची अवस्था. ओळ साठवायला बफरही लागत नाही. अक्षर आले, तक्त्यात दोनदा पाहिले, अवस्था बदलली. आकडा हवा असेल तर आकड्याच्या अवस्थेत असताना जुन्या किमतीला दहाने गुणून नवा अंक मिळवायचा.

वेळ पाहू. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे येतात. १६ मेगाहर्ट्झच्या चिपला दोन अक्षरांच्या मध्ये सोळा हजारांहून अधिक सायकल मिळतात. तक्त्यात दोनदा पाहायला त्यातल्या काही डझन पुरतात. प्रत्येक अक्षराला तेवढाच वेळ, ओळ चांगली असो की बिघडलेली. मध्येच नवा एसएमएस आल्याची सूचना मोडेमने घुसवली, तर यंत्र ‘बिघडली’ अवस्थेत जाते आणि ओळ संपली की पुन्हा सुरुवातीला येते. हीप नाही, स्वतःलाच हाक मारणारे फंक्शन नाही, वेळेची अनिश्चितता नाही. पूर्वपक्षाने ज्या ज्या गोष्टींची धास्ती घातली, त्यांतली एकही इथे शिल्लक नाही.

असा तक्ता हातानेही करता येतो, पण करू नये. रीटूसी हे साधन हेच काम करते: रेगेक्स दिला की त्याचा थेट सी कोड काढून देते. त्याचा निबंध १९९३ चा. पीएचपी भाषेचा लेक्सर त्यानेच तयार होतो. रागेल हे त्याच जातीचे दुसरे साधन. रेगेक्स आपल्या संगणकावर, बिल्डच्या वेळी उलगडतो आणि चिपवर उतरतो तो केवळ तयार कोड.

मर्यादा कुठे

मंडन करताना मर्यादा लपवल्या तर ते मंडन टिकत नाही, म्हणून त्याही सांगतो. कंसात कंस असलेला जेसन रेगेक्सने वाचू नये. खोली अमर्याद असेल तिथे ठरावीक अवस्था अपुऱ्या पडतात, आणि हेही त्याच सिद्धांतात आहे. मॉडबस आरटीयूसारख्या बायनरी प्रोटोकॉलमध्ये संदेशाचा शेवट साडेतीन अक्षरांएवढ्या शांततेने कळतो. तिथे रेगेक्सचा उपयोग नाही. चेकसम वेगळा तपासावा. अक्षांश नव्वदच्या आत आहे का, सिग्नलचा आकडा ० ते ३१ किंवा ९९ आहे का, हे आकडा हाती आल्यावर साध्या तुलनेने पाहावे. रेगेक्स ओळीचा आकार तपासतो. अर्थ आणि प्रसंग तपासणे पुढच्या कोडचे काम. एसएमएसच्या मजकुरातच मोडेमच्या उत्तरासारखी ओळ असेल, तर आपण सध्या कशाची वाट पाहतो आहोत हे प्रोग्रामलाच ठाऊक असायला हवे. काही पॅटर्नचा तक्ता अफाट फुगतो, हेही खरे. पण तो बिल्डच्या वेळी आपल्या संगणकावर फुगतो, शेतातल्या उपकरणात नाही, त्यामुळे वेळीच दिसतो.

चिपवरच पॅटर्न उलगडणारी लायब्ररी घ्यायची असेल तर तिचा कोड आधी वाचावा. तो पाचशे ओळींच्या आसपास असतो, एका बैठकीत होतो. पाइक यांचा मॅचर स्वतःलाच हाक मारतो, मिस्रा सी पाळायचे असेल तर ते चालत नाही. टायनी रेगेक्स सी उलगडलेला पॅटर्न एकाच स्थिर जागेत ठेवते. फ्रीआरटीओएससारख्या, अनेक टास्क चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर दोन टास्कनी एकाच वेळी ती वापरली तर एकाचा पॅटर्न दुसरा पुसतो. ‘हे किंवा ते’ सांगणारी उभी रेघही तिच्यावर भरवसा ठेवून वापरू नये. एवढी पथ्ये कागदावर लिहावीत आणि त्यांच्या जोडीला आणखी चार: पॅटर्न बाहेरून कधीच स्वीकारू नये, दोन्ही टोके ^ आणि $ ने बांधावीत, ओळीच्या लांबीला मर्यादा घालावी, आणि चाचणीत बरोबर ओळींपेक्षा चुकीच्या ओळी जास्त असाव्यात: अर्धवट तुटलेल्या, रिकाम्या रकान्यांच्या, मध्येच दुसरी सूचना घुसलेल्या.

ही पथ्ये कडक आहेत, पण स्ट्रटोक आणि एसस्कॅनएफला यांहून कडक पथ्ये लागतात. फरक असा की ती कोणी शिकवत नाही. अभियांत्रिकीच्या वर्गात ऑटोमाटा थिअरी एका सत्रात, मायक्रोकंट्रोलर दुसऱ्या सत्रात शिकवतात. परीक्षेपुरती अवस्थांची वर्तुळे काढून विद्यार्थी मोकळे होतात आणि प्रयोगशाळेत येऊन स्ट्रस्ट्र लिहितात. ही दोन पाठ्यपुस्तके एकमेकांशेजारी उघडून ठेवली, क्लीनींचे प्रमेय सिरियल पोर्टला जोडून दाखवले, तर पुढच्या पिढीला हा गैरसमज होणारच नाही.

तोवर डिझाइन रिव्ह्यूत विचारायचा प्रश्न तरी बदलावा. ‘इथे रेगेक्स कशाला?’ असे विचारण्याऐवजी विचारावे: हा पार्सर नेमक्या कोणत्या ओळी स्वीकारतो, ते एका ओळीत लिहून दाखवता येईल का? आला लिहिता, तर तो रेगेक्सच झाला. मग तो साधनाकडे सोपवावा, त्याचा कोड साधनाने काढावा. नाही आला, तर आपला कोड काय स्वीकारतो हे आपल्यालाच माहीत नाही, आणि तो कोड कोणाच्या विहिरीवर, गाडीत किंवा मीटरमध्ये बसवण्याचा हक्क आपल्याला अजून मिळालेला नाही.